चौदा तासांचं घड्याळ

(दहावी १९८८च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, कराड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एक अट घातली होती, "अमेरिकेत काय काय छान आहे ते सांगू नकोस, तू रोज सकाळी उठून काय करतेस ते सांग." अट मला आवडली. कारण माझं काम काय आहे हे माझ्या आईलासुद्धा नीट सांगता आलं नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, "ट्रकच्या हापिसात आहे." ते अगदी बरोबर होतं.

विषय निवडायला मदत झाली ती आपल्या ग्रुपवर आलेल्या एका प्रश्नाची. आपल्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्रानं विचारलं होतं, "तुमच्याकडे म्हणे ड्रायव्हरला मशीन झोपायला सांगतं. खरं का गं?" त्यावर बऱ्याच जणांनी हसण्याच्या बाहुल्या टाकल्या. पण प्रश्न चांगला आहे. गेली वीस वर्षं मी त्याच मशीनच्या आणि त्याच्या आधीच्या वह्यांच्या संगतीत काढली आहेत.

मी इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराजवळ राहते. चारपाच मोठे महामार्ग या एका शहरात येऊन मिळतात, त्यामुळे ट्रकचा धंदा तिथे भरपूर. आमची कंपनी मध्यम आकाराची आहे. ड्रायव्हरमध्ये टेनेसी-केंटकीचे गोरे आहेत, काळे आहेत, मेक्सिकोकडचे आहेत आणि पंजाबी तर खूप आहेत. पंजाबी ड्रायव्हर मला "दीदी" म्हणतात, बाकीचे नावानं हाक मारतात आणि रागावले की "सेफ्टी" म्हणतात. ड्रायव्हर कायद्यानं ठरवून दिलेल्या वेळेतच गाडी चालवतात का, त्याची नोंद बरोबर आहे का, हे पाहणं माझं काम.

मी २००४ साली तिथे कारकून म्हणून लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते. तसे हे नियम जुने. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरच्या तासांवर पहिली मर्यादा १९३०च्या दशकाच्या शेवटी आली. आता मुख्य आकडे असे आहेत. सलग १० तास विश्रांती झाल्यावर ड्रायव्हर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो. पण हे ११ तास त्यानं काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत बसले पाहिजेत. ८ तास गाडी चालवून झाली की अर्ध्या तासाची सुट्टी. आणि ८ दिवसांत एकूण ७० तासांपेक्षा जास्त काम झालं की पुढे गाडी चालवायची नाही. सलग ३४ तास विश्रांती घेतली की हा ७० तासांचा हिशोब पुन्हा शून्यावरून सुरू करता येतो.

यातला १४ तासांचा आकडा लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे. हे घड्याळ एकदा सुरू झालं की सहसा थांबत नाही. मध्ये जेवलात, डुलकी घेतली, रांगेत उभे राहिलात, तरी ते चालूच राहतं.

मी लागले तेव्हा याची नोंद कागदावर असायची. एका पानावर २४ तासांचा आलेख, त्यात चार आडव्या ओळी. पहिली सुट्टीची, दुसरी केबिनमागच्या बिछान्यात झोपण्याची, तिसरी गाडी चालवण्याची, चौथी गाडी न चालवता केलेल्या कामाची, म्हणजे माल भरणं, तपासणी, डिझेल. ड्रायव्हरनं पट्टीनं रेघ मारायची. आपल्या भूमितीच्या वहीतल्यासारखी ती रेघ पायऱ्यापायऱ्यांनी वर-खाली जायची. महिन्याला शेकडो पानं माझ्या टेबलावर यायची आणि मी ती डिझेलच्या पावत्यांशी ताडून बघायची.

ड्रायव्हर लोक या वहीला "कॉमिक बुक" म्हणत. कारण त्यात बऱ्याचदा गोष्टीच असायच्या. काही जण दोन वह्या ठेवत. पावती सांगायची की माणूस रात्री दोन वाजता केंटकीत डिझेल भरत होता आणि वही सांगायची की तो तेव्हा ओहायोत गाढ झोपेत होता. मी फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, "मॅडम, मी झोपेत चालतो." विनोद बरा होता, पण ८० हजार पौंड, म्हणजे साधारण ३६ टन वजनाची गाडी झोपेत चालत असेल तर हसू येत नाही. खंबाटकीच्या घाटात आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून काय काय पाहिलंय ते तुम्हाला आठवत असेल. तिथे मला ते आठवायचं.

मग यंत्र आलं, पण सरळ आलं नाही. २०१० साली सरकारनं नियम केला की ज्या कंपन्या तासांचे नियम वारंवार मोडतात त्यांनी इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्या ड्रायव्हरांची एक मोठी संघटना आहे, ती कोर्टात गेली. तिचं म्हणणं होतं की या यंत्राच्या आडून कंपन्या ड्रायव्हरला छळतील. झोपलेल्या माणसाला उठवून सांगतील, तुझे दोन तास शिल्लक आहेत, चल निघ. शिकागोच्या अपील कोर्टानं २०११ मध्ये ते मान्य केलं आणि नियम रद्द केला. २०१२ साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून यंत्र सर्वांनाच लागू करायला सांगितलं, पण छळाला आळा घालण्याची सोय करण्याच्या अटीवर. त्यानुसार डिसेंबर २०१५ मध्ये अंतिम नियम आला. तोही कोर्टात गेला, या वेळी टिकला. १८ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून यंत्र नसलेला ट्रक रस्त्यावर थांबवून ठेवायला सुरुवात झाली. जुन्या पद्धतीची यंत्रं ज्यांच्याकडे आधीच होती त्यांना डिसेंबर २०१९ पर्यंत मुदत मिळाली.

या यंत्राला इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस म्हणतात, आमच्या बोलण्यात ईएलडी. दिसायला काही विशेष नाही. ट्रकच्या इंजिनाच्या संगणकाला जोडलेली एक छोटी डबी आणि ड्रायव्हरसमोर एक टॅबलेट किंवा फोन. ड्रायव्हर आपल्या नावानं लॉग-इन करतो. गाडीनं ताशी ५ मैलांचा वेग गाठला की यंत्र आपोआप "गाडी चालवतोय" ही ओळ धरतं. गाडी ५ मिनिटं उभी राहिली की विचारतं, अजून चालवतोयस का? एका मिनिटात उत्तर आलं नाही तर चौथ्या ओळीवर, म्हणजे "कामावर आहे, पण चालवत नाही" या ओळीवर टाकतं. चालताना दर तासाला गाडी कुठे आहे त्याची नोंद होते. रस्त्यावर तपासणी अधिकाऱ्यानं मागितली की आजची आणि मागच्या सात दिवसांची नोंद त्याच्या संगणकावर पाठवता येते.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र ड्रायव्हरला झोपायला सांगत नाही. गाडी तर ते मुळीच थांबवत नाही. ते फक्त लिहून ठेवतं. वेळ संपत आली की पडद्यावर लाल आकडा दाखवतं, एवढंच. थांबायचं की नाही हे ड्रायव्हरनं ठरवायचं असतं, आणि त्याला थांबू द्यायचं की नाही हे आमच्यासारख्यांनी. म्हणून माझी नोकरी अजून शिल्लक आहे.

यंत्र आल्यावर कागद संपला असं सगळ्यांना वाटलं. तसं झालं नाही. यंत्र बिघडलं तर ड्रायव्हरनं त्या दिवसाचा आणि मागच्या सात दिवसांचा हिशोब कागदावर मांडायचा असतो, आणि कंपनीनं आठ दिवसांत यंत्र दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. त्यासाठी निदान आठ दिवस पुरतील इतकी कोरी आलेखाची पानं केबिनमध्ये ठेवावीच लागतात. यंत्राची माहितीपुस्तिका, नोंद कशी पाठवायची त्याचा कागद, बिघाड झाला तर काय करायचं त्याचा कागद, हेही लागतं. तपासणीत कितीतरी वेळा सगळं ठीक असतं आणि ड्रायव्हर अडकतो तो या साध्या कागदांवर. आमच्या नव्या ड्रायव्हरांना मी पहिल्या दिवशी हे चार कागद एका फायलीत घालून देते आणि सांगते, ही फाईल म्हणजे तुझं दप्तर. घरी विसरलास तर वर्गाबाहेर उभा राहशील.

दुसरं काम रोज सकाळचं. कुणीही लॉग-इन न करता ट्रक हलला की यंत्र "अनोळखी चालक" म्हणून नोंद करतं. यार्डात मेकॅनिकनं गाडी पलीकडे नेऊन लावली, धुवायला नेली, की झाली नोंद. मग ती नोंद कुणाची हे शोधायचं, त्या माणसाच्या नावावर लावायची, नाही तर ती कुणाच्याच नावावर का नाही याचं कारण लिहायचं. आमच्याकडे एकदा एका रात्रीत अशा अकरा नोंदी निघाल्या होत्या. पंजाबी पोरं म्हणाली, "दीदी, भूत है." भूत निघालं टायर बदलणारा मुलगा. पण अशा नोंदी साचू दिल्या तर तपासणी करणाऱ्याला वाटतं की ड्रायव्हर आपले जादा तास भुताच्या नावावर टाकतायत. आणि काही कंपन्यांत तसं घडतंही.

इथे बसलेल्या गुरुजनांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. नोंदीत दुरुस्ती करता येते का? येते. ड्रायव्हर करू शकतो, मीही सुचवू शकते. पण मी सुचवलेली दुरुस्ती ड्रायव्हरनं मान्य केल्याशिवाय लागू होत नाही. प्रत्येक दुरुस्तीला कारण लिहावं लागतं. मूळ नोंद पुसली जात नाही, ती खाली तशीच राहते. आणि यंत्रानं आपणहून धरलेला गाडी चालवण्याचा वेळ कमी करता येत नाही. हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या शाळेचं हजेरीपत्रक आठवलं. सर सांगायचे, खाडाखोड करायची नाही, रबर लावायचा नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, बाजूला सही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. आमच्याकडच्या इंजिनिअरांना हे समजवायला तीन बैठका लागल्या. आपल्याला ते पाचवीत समजलं होतं.

आता ज्या प्रसंगानं या कामाबद्दल माझं मत घडवलं तो सांगते. डिसेंबर २०१८. नाताळाच्या आधीचे दिवस, मालाची गर्दी. आमचा एक ड्रायव्हर, पन्नाशी ओलांडलेला, टेनेसीचा, अत्यंत शिस्तीचा माणूस. पहाटे ५ वाजता त्यानं काम सुरू केलं, तीन तास गाडी चालवून सकाळी ८ वाजता ओहायोतल्या एका मोठ्या गोदामावर पोचला. दुधाचे पदार्थ भरून जॉर्जियात न्यायचे होते, साडेसात तासांचा रस्ता. रात्री १० वाजता उतरवून घेण्याची वेळ ठरलेली. कागदावर हिशोब अगदी आरामात बसत होता.

गोदामावर त्याला माल भरून मिळाला दुपारी २ वाजता. सहा तास. का, तर आत माणसं कमी होती. या सहा तासांत तो झोपू शकत नव्हता, कारण रांगेत गाडी पुढे घ्यावी लागत होती. आता हिशोब करा. ११ तासांतले ३ वापरले होते, म्हणजे गाडी चालवायचे ८ तास त्याच्याकडे होते. पण पहाटे ५ ला सुरू झालेलं १४ तासांचं घड्याळ संध्याकाळी ७ ला संपणार होतं. हातात राहिले पाच तास, आणि रस्ता साडेसात तासांचा. अडीच तास कमी पडत होते, आणि ते त्यानं वाया घालवलेले नव्हते.

गाड्या कुठे पाठवायच्या हे ठरवणारा आमचा डिस्पॅचर माझ्याकडे आला. वाईट माणूस नव्हे, त्याच्यावरही दबाव होता. म्हणाला, "शेवटचे अडीच तास वैयक्तिक वापर दाखवू या." यंत्रात तशी एक सोय आहे. ड्रायव्हर कामावर नसताना ट्रक घेऊन जेवायला गेला, घरी गेला, तर ते चालवणं कामात धरत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारनं खुलासा केला होता की ट्रकमध्ये माल असला तरी ही सवलत घेता येईल, गोदामावर वेळ संपली असेल तर जवळच्या सुरक्षित जागी विश्रांतीला जाता येईल. डिस्पॅचरनं तेवढंच वाचलं होतं. पुढचं वाक्य असं होतं की माल मुक्कामाच्या दिशेनं पुढे नेण्यासाठी ही सवलत वापरता येणार नाही.

मी नाही म्हणाले. तो मालकाकडे गेला. मालकानं मला बोलावून विचारलं, "कोण बघणार आहे?" मी म्हणाले, "दीडशे मैलांचा वैयक्तिक प्रवास, सरळ गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत, तोही रात्री बरोबर वेळेवर. हे बघायला फार हुशार माणूस लागत नाही. आणि वाटेत काही झालं तर समोरच्या वकिलाचा पहिला कागद हाच असेल." शिवाय २०१६ पासून नियम आहे की ड्रायव्हरला वेळेचे नियम मोडायला भाग पाडणं हा कंपनीचा, माल पाठवणाऱ्याचा आणि दलालाचाही गुन्हा धरला जातो. मालक थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्याला थांबायला सांगा."

इथे गोष्ट संपली असती तर मी आज टाळ्या घेतल्या असत्या. पण पुढचं ऐका. संध्याकाळी ट्रक लावायला जागा मिळेना, म्हणून सात वाजायच्या अर्धा तास आधीच टेनेसीत जी जागा दिसली तिथे तो थांबला. सकाळी जॉर्जियात पोचला तर त्याची वेळ गेली होती, नवी वेळ दुपारची मिळाली. त्यामुळे परतीचा माल दुसऱ्यानं नेला. आणि आमच्याकडे ड्रायव्हरला पगार मैलावर असतो. गाडी हलली तर पैसे. ट्रक ड्रायव्हरला तिथल्या केंद्रीय कायद्यानं जादा तासांचा ओव्हरटाईमही लागू नाही, १९३८ पासून त्यांना त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे गोदामाच्या रांगेतल्या सहा तासांचे पैसे शून्य, सक्तीच्या थांब्याचे शून्य, दुसऱ्या दिवशी वाट पाहण्याचेही शून्य. नाताळाच्या आठवड्यात त्याची दोन दिवसांची कमाई बुडाली.

परत आल्यावर तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला. ओरडला नाही. म्हणाला, "तू नियम पाळलास. मी नियम पाळला. ज्यानं मला सहा तास उभं केलं त्याची नोंद कुठल्या यंत्रात आहे?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. मग लक्षात आलं की नोंद आहे. त्याच यंत्रात आहे. ट्रक गोदामावर किती वाजता थांबला, किती वाजता हलला, कुठे, सगळं मिनिटासकट लिहिलेलं आहे. ही नोंद आम्ही कायम ड्रायव्हरला पकडण्यासाठी वाचत होतो. गोदामाला पकडण्यासाठी ती कुणी वाचलीच नव्हती.

या नोंदी सहा महिने जपून ठेवणं बंधनकारक असतं, म्हणून त्या आमच्याकडे होत्याच. मी सहा महिन्यांचा तक्ता केला. कुठल्या गोदामावर आमचा ट्रक सरासरी किती वेळ उभा राहतो, दोन तासांपेक्षा जास्त किती वेळा. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांचा एक अहवाल आला होता. गोदामावरचा सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात म्हटलं होतं. कारण सरळ आहे. रांगेत गेलेला वेळ भरून काढायला माणूस पुढे वेग वाढवतो. तक्ता आणि अहवाल, दोन्ही मालकासमोर ठेवले. मालक दोन गिऱ्हाइकांकडे गेला. एकानं मान्य केलं की दोन तासांपुढच्या प्रत्येक तासाचे पैसे देऊ, आणि त्यातला वाटा आम्ही ड्रायव्हरला देतो. दुसऱ्यानं हात झटकले. वर्षभरानं आम्ही त्याचं काम सोडलं. तेवढं मोठं गिऱ्हाईक सोडताना मालकाचं तोंड कडू झालं होतं, हेही सांगते.

तो ड्रायव्हर अजून आमच्याकडे आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये नियम थोडे सैल झाले. विश्रांतीचे १० तास आता ७ आणि ३ असे तोडता येतात आणि नीट जोडी लागली तर मधला थांबा १४ तासांत धरला जात नाही. बदल कळल्यावर तो मला म्हणाला, "सेफ्टी, दोन वर्षं उशीर झाला." मी म्हणाले, "सरकारच्या हिशोबानं लवकरच झालं की."

तुम्ही विचाराल, एवढं करून अपघात कमी झाले का? प्रामाणिक उत्तर देते. यंत्र सक्तीचं झाल्यावर तासांचे नियम मोडण्याचं प्रमाण ठळकपणे घसरलं. पण सुरुवातीच्या काळाचा ज्या अभ्यासकांनी अभ्यास केला त्यांना अपघात कमी झालेले स्पष्ट दिसले नाहीत. उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांत वेगमर्यादा मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. तासांवर टाच आली, पगार मैलावरच राहिला, गोदामाची रांग तशीच राहिली, तर माणूस उरलेल्या वेळेत जोरात पळणारच.

आणि थांबायचं तरी कुठे? २००९ साली जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर दुधाचा माल घेऊन साउथ कॅरोलायनात वेळेआधी पोचला. माल उतरवायला अवकाश होता, सुरक्षित जागा नव्हती, म्हणून बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपावर त्यानं ट्रक लावला. तिथे त्याला लुटायला आलेल्या माणसानं सात डॉलरसाठी त्याचा जीव घेतला. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. तिनं पाठपुरावा केला आणि ट्रक थांब्यांसाठी "जेसनचा कायदा" म्हणून तरतूद झाली. ती २०१२ च्या त्याच कायद्यात आहे ज्यानं यंत्र सक्तीचं केलं. एकाच कायद्यानं ड्रायव्हरला सांगितलं, वेळेवर थांब, आणि सरकारला सांगितलं, त्याला थांबायला जागा कर. पहिलं काम पुरं झालं. दुसरं अजून अपुरं आहे, संध्याकाळी सहानंतर आमचे ड्रायव्हर आजही जागा शोधत फिरतात.

आता आपल्याकडचं. आपल्या देशात तासांचा कायदा नव्हता असं समजू नका. १९६१ सालच्या मोटर परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, काही सवलती ठेवून. सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रक-बसच्या चालकांच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवलं. १९८८ म्हणजे आपण दहावीला होतो ते वर्ष. अमेरिकेच्या नियमापेक्षा आपला नियम ड्रायव्हरच्या बाजूनं जास्त उदार आहे. फरक नोंदीत आहे. आपल्या ट्रकांवर आता जीपीएस लागलेत. ट्रक कुठे आहे हे मालकाला फोनवर दिसतं. स्टिअरिंगवरचा माणूस किती तास जागा आहे, हे त्यात दिसत नाही.

आपल्यातले तिघे ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. यंत्र घ्या असं मी म्हणणार नाही. कायदा होईल तेव्हा बघू. पण एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक फेरीला चार वेळा लिहा. निघाला कधी, गेटवर पोचला कधी, माल भरून सुटला कधी, झोपला किती. ड्रायव्हरला स्वतःच्या हातानं लिहू द्या आणि खरं लिहिल्याबद्दल त्याला बोलणी बसू देऊ नका. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून वहीत गोष्टी सुरू होतात, हे मी शेकडो पानं वाचून शिकले आहे. तीन महिन्यांनी वही उघडा. तुमचे पैसे आणि त्याची झोप कुठे जातेय ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

आणि जे ट्रान्सपोर्टमध्ये नाहीत त्यांच्यासाठी. आपल्यातल्या कुणाचा कारखाना आहे, कुणाचं दूध संकलन आहे, कुणाचं सिमेंट-खताचं दुकान आहे, काही जण साखर कारखान्यांत मोठ्या जागेवर आहेत. हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे उसाच्या ट्रकांची आणि ट्रॅक्टरांची किती लांब रांग लागते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचंही एक घड्याळ चालू आहे. त्याच्या गाडीत यंत्र नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाही, पण पाचव्या फेरीला रात्री तीन वाजता तो आपल्याच रस्त्यावर असतो, आणि समोरून आपलीच मुलं पुण्याहून घरी येत असतात. तुमच्या गेटच्या आत ट्रक किती वेळ उभा राहतो हे तुमच्या हातात आहे. उद्या सोमवार आहे. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात "आला" या रकान्याशेजारी "सुटला" हा रकाना आहे का, एवढं बघा. नसला तर पट्टी घेऊन रेघ मारा. आखायला आपल्याला इथेच शिकवलंय.

माझ्या वाट्याची वेळ संपली असल्यामुळे थांबते.